अकरावी ओळ

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पाथरवटानं दगडावरचं पोतं ओढून काढलं आणि मेजरनं मेलेल्यांच्या यादीत स्वतःचं नाव वाचलं. वरून अकरावी ओळ. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अक्षरं नख बुडेल इतकी खोल, आत अजून पांढरी पूड साचलेली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं बिनचूक. त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आपलं आडनाव आजवर कुणी इतकं सुबक लिहिलं नव्हतं. मग त्यानं सवयीनं पाय थोडे फाकवून हात मागं बांधले. पाथरवट शेजारी उभा राहून कौतुकाची वाट पाहत होता.

"काय मेजर, गप्प का? आवडला नाही?"

"हे अकरावं नाव कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? तुमच्याच यादीतून. अकराचा आकडा होता, पुढं कोरं. आणि सगळ्यात खाली एक नाव सुटं लिहिलेलं. म्हटलं, मेजर घाईत विसरले, मागून आठवलं म्हणून तळाला टाकलं. आणून बसवलं जागेवर. एवढी अक्कल आहे म्हणा आम्हाला."

"ते नाव माझं आहे."

पाथरवटानं दगडाकडे पाहिलं, मेजरकडे पाहिलं, पुन्हा दगडाकडे पाहिलं. "तुमचं नाव मेजर नाही?"

यात त्या माणसाला दोष द्यावा असं काही नव्हतं. सगळं गाव त्याला मेजरच म्हणायचं. तो मेजर कधीच नव्हता. त्या हुद्द्यापासून खाली मोजत यायचं तर बऱ्याच पायऱ्या उतरल्यावर तो सापडला असता. निवृत्त होऊन परतला त्या वर्षी वाचनालयाच्या ग्रंथपालानं थट्टेत हाक मारली आणि ती अंगाला चिकटली. सुरुवातीला तो दुरुस्त करायचा, मग कंटाळला. रक्तदानाचं शिबिर मेजर भरवायचा, सभागृहाच्या किल्ल्या मेजरकडे, शाळेसमोरच्या वळणावर गतिरोधक हवा म्हणून नगरपालिकेत खेटे घालणारा मेजर. दर वर्षी म्हाताऱ्या सैनिकांचे हयातीचे दाखले तोच गोळा करायचा. ज्याला चालवत नाही त्याच्या घरी अधिकाऱ्याला घेऊन जायचा, खाटेवरच्या माणसाचा अंगठा स्वतः धरून कागदावर टेकवायचा. अमुक माणूस आज माझ्यासमोर जिवंत आहे, असं त्यानं इतक्यांदा लिहिलं होतं की ते वाक्य त्याच्या हातातून आपोआप उतरायचं. आणि कागद कुठलाही असो, तळाला यादी करणाऱ्याचं नाव आणि सही हवीच, हे हाडीमासी खिळलेलं. त्यानं ती यादी आखीव कागदावर लिहिली, खाली नाव घातलं, सही केली. सही पाथरवटाला लागली नाही. ती गिचमिड होती.

"आता यावर काय?" त्यानं विचारलं.

पाथरवटानं नावावरून अंगठा फिरवला. त्याचा आवाज आता धंद्याचा झाला होता. सगळा पृष्ठभाग घासून नवा करायचा तर दहा दिवस, आणि स्मारकाचं अनावरण रविवारी. दुसरा रस्ता म्हणजे याच दगडाची पूड चिकट्यात कालवायची, अक्षरं भरून काढायची, सुकल्यावर वरून घासायचं. "पण कोरं सोडता येणार नाही, मेजर. भरलेलं ठिगळ उन्हात दिसतं. वरून दुसरं नाव कोरलं तर त्यात झाकून जातं. तेव्हा मला एक नाव द्या. उद्या सकाळपर्यंत दिलंत तर रविवार गाठतो."

"आणि असंच ठेवलं तर?"

पाथरवट हसला. मेजर हसला नाही, तेव्हा त्यानंही हसू आवरतं घेतलं. "गंमत करताय," तो म्हणाला.

"पोतं टाका वर. मी सांगेपर्यंत हात लावू नका."

शेडमधून बाहेर पडून तो घराच्या दिशेनं चालू लागला, पण नेहमीच्या चालीनं नाही. असंच ठेवलं तर, हे आपण गंमत म्हणून विचारलं नव्हतं हे त्याला ठाऊक होतं. दगडावर वरचं नाव बेकरीवाल्याच्या धाकट्याचं होतं, खालचं शाळामास्तरांच्या थोरल्याचं, आणि त्या दोघांच्या मध्ये आपलं नाव पाहताना एका क्षणात त्याला दोन्ही बाजूंनी खांद्याला खांदा लागल्याचा भास झाला होता. ओल्या लोकरीचा वास आला होता. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. परतल्यावर त्याला माणसं पुष्कळ मिळाली. पायरीवर बसलं की रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण दोन शब्द बोलून जाई. पण खांदा लागेल असं कुणी नव्हतं. एकाच तुकडीत भरती झालेली या गावची तेवीस पोरं. परत आलेल्यांपैकी तिघे नंतर एकेक करून आजारानं गेले, एक परदेशी मुलीकडे राहायला गेला, आणि उरला तो. आपण हळूहळू कशाचीही न राहिलेली वस्तू झालो आहोत असं त्याला कधीकधी वाटायचं, आणि मग तो उठून कुणाच्या तरी नळाची तक्रार घेऊन नगरपालिकेत जायचा.

अकरावी जागा त्यानं विसरून कोरी ठेवली नव्हती. ती कवायतीतली गोष्ट होती आणि कवायत न केलेल्या माणसाला ती कळण्याचं कारण नव्हतं. मागच्या रांगेत एक माणूस कमी पडला तर जागा मिटवायची नसते. शेजाऱ्यानं सरकायचं नाही. भोक तसंच ठेवून रांगेनं चालायचं, वळायचं, थांबायचं. समोरच्याला पाठीमागं कुणी नाही हे पाठीला जाणवत राहतं आणि तरी तो अंतर राखतो. शिकवणारा ओरडायचा, तिथं माणूस आहे असं समजा! त्यांच्या रांगेत बेकरीवाल्याच्या आणि शाळामास्तरांच्या पोरांच्या मध्ये डावऱ्या उभा राहायचा. डावऱ्याचं नाव यादीत घालायचं नव्हतं, कारण त्याची बायको, मेजरची वहिनी, ते घालू देत नव्हती. आणि त्याची जागा मिटवायची नव्हती, कारण मेजरला ते जमत नव्हतं. म्हणून त्यानं आकडा घातला आणि पुढं काही लिहिलं नाही. सतरा नावं आणि एक मोकळी ओळ. नगरपालिकेत कुणी विचारलं नाही. सहा वर्षं अर्ज, नकाशे, वाचनालयासमोरच्या जागेचे वाद, झाड तोडायचं की नाही. ओळी कुणी मोजल्या नाहीत.

घरी ताईनं पान वाढून ठेवलं होतं. ती त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर भावाकडे आली ती भावाला सांभाळायला आली असं सांगायची. बातमी तिच्यापर्यंत त्याच्या आधी पोचली होती.

"ये रे बाबा. जेवणार आहेस ना? का आता लागत नाही?"

"कुणी सांगितलं?"

"पाथरवटाची बायको दूध घ्यायला येते त्या दुकानात. सगळं दुकान हसत होतं म्हणे. मला सांग, जगाचे हयातीचे दाखले तू करतोस, यंदा तुझा कोण करणार? दगड दाखवला तर ते कागद फेकून देतील तोंडावर." ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली, आणि मग त्याचा चेहरा पाहून ताट त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "त्या डावऱ्याची जागा ना ती?"

त्यानं भात कालवायला घेतला.

"मला काय खुळी समजतोस? यादी टेबलावर पंधरा दिवस पडली होती. आता तिला जाऊन विचार. सरळ विचार. चौतीस वर्षं दोघं मिळून काय तो एक जीव टांगून ठेवलाय, ना धड इकडे ना तिकडे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जातोस, खिळा ठोकतोस, दिवा बदलतोस, येतोस. लोकांनी बोलायचंसुद्धा सोडून दिलं. बोलण्यासारखंच काही केलं नाहीत तुम्ही."

"ताई, जेवू दे."

"जेव की. जिवंत आहेस तोवर जेव."

जेवण झाल्यावर तो न्हाणीघरात गेला आणि कडी लावून तोंडावर पाणी मारलं. इथंच तो कधीकधी ते करायचा. वर्षातून दोनदा, तीनदा. मुद्दाम ठरवून नाही. आरशात न पाहता, गळा किंचित आवळून, नाकातून थोडी हवा सोडून, तो म्हणायचा, "सात." आवाज डावऱ्याचा यायचा. खरखरीत, नुकता झोपेतून उठलेल्या माणसाचा, शेवटचा त गिळलेला. तुकडीत सगळे एकमेकांच्या नकला करायचे, पण हा आवाज त्याच्याइतका कुणाला जमत नव्हता. आता तो आवाज जगात दुसरीकडे कुठंही नव्हता. फोटो दोन होते, वहिनीकडे एक आणि त्याच्याकडे एक. आवाज फक्त याच गळ्यात होता, आणि गळा एकसष्ट वर्षांचा झाला होता, दर थंडीत बसत होता. आज त्यानं म्हणून पाहिलं नाही. पाणी वाहू दिलं.

ती सकाळ धुक्याची होती. नदीकाठचं ठाणं सोडून नऊ जणांनी मागं यायचं होतं. दोरखंडाला धरून नदी पार करायची आणि पलीकडून दोर कापायचा. उजाडत होतं, पण दोन हातांवरचा माणूस पांढऱ्या कापडामागं असल्यासारखा दिसत होता. निघण्याआधी गिनती. पुढून आकडा मागं यायचा, ज्यानं त्यानं आपला म्हणायचा, आवाज वर न चढवता. मेजर सहावा, डावऱ्या सातवा. डावऱ्या जागेवर नव्हता. तो नेहमीच दोन मिनिटं मागं असायचा. डाव्या हातानं बांधलेली त्याच्या बुटाची नाडी कधी धड राहिली नाही, दर वेळी खाली बसून नव्यानं बांधायचा, आणि दर वेळी मेजर त्याचा आकडा म्हणून टाकायचा. पंचवीसेक वेळा तरी म्हटला असेल. शिक्षा वाचायची, तुकडीप्रमुख समाधानी व्हायचा, डावऱ्या धापा टाकत येऊन मागं लागायचा आणि मेजरच्या मानेवर फुंकर मारायचा, आलो म्हणून. त्या सकाळी चार आलं, पाच आलं, त्यानं सहा म्हटलं आणि लगेच, गळा आवळून, सात. मग आठ. मग नऊ. पूर्ण. चला. पाण्यात उतरेपर्यंत मानेवर फुंकर आली नाही. पाणी कमरेला लागलं तेव्हा त्याला वाटलं, आता ओरडावं. ओरडायची बंदी होती. पलीकडच्या काठावर पुन्हा गिनती झाली आणि सहानंतर शांतता झाली. त्यानं सात म्हटलं नाही. तोवर दोर कापला गेला होता आणि सोडलेल्या काठावर तोफा चालू झाल्या होत्या. कागदावर लिहिलं गेलं, नदी ओलांडताना बेपत्ता. कारण अलीकडच्या काठावरची गिनती पूर्ण होती. त्यामुळं नंतर शोध झाला तो नदीत, प्रवाहाच्या खाली, आठ मैल. ठाण्याकडे कुणी गेलं नाही. चौकशीत त्याला विचारलं, तुझ्या मागं होता ना? तो म्हणाला, होता.

हा शब्द त्यानं कधी कुणापाशी उलगडला नाही. वहिनीपाशी तर नाहीच. तिच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. मृत समजण्यात येत आहे, असं पत्र आलं त्यावर तिनं सही केली नाही, आणि त्यानंतर प्रत्येक छापील कागदावर ती विवाहित या चौकटीत खूण करत आली. शाळेच्या गणवेशांचं दुकान तिनं स्वतः उभं केलं. गावातल्या नदीचासुद्धा रस्ता ती टाळायची. बाजाराला जाताना पुलावरून न जाता लांबचा वळसा घेऊन जायची, पाऊण तास जास्त. लोकांना तो तिचा हट्ट वाटायचा. मेजरला मात्र दर वेळी ती वळसा घेताना दिसली की वाटायचं, या बाईला मी चुकीच्या जागी वाट बघायला बसवलं आहे. तिला सगळं सांगावं असं त्याला पहिल्या वर्षी वाटलं, पाचव्या वर्षी वाटलं. नंतर ते नळ, खिळे, दिवे यांत मुरत गेलं. त्याला तिच्याकडे जावंसं वाटायचं, आणि जाण्याचं कारण कुठलं आणि निमित्त कुठलं हे त्यानं तपासायचं सोडून दिलं होतं. ती चहा द्यायची. शिवता शिवता बोलायची. डावऱ्याबद्दल ती नेहमी वर्तमानकाळात बोलायची: त्यांना दाराचा आवाज आवडत नाही. त्यांना गोड फार लागतं. तो मान डोलवायचा. त्या अर्ध्या तासापुरता डावऱ्या खरोखर कुठेतरी नाडी बांधत बसलेला असायचा.

तीन वाजता तो दुकानात शिरला तेव्हा ती निळ्या कापडावर टाचण्या लावत होती. चार-पाच टाचण्या ओठांत धरल्या होत्या, त्यामुळं बोलणं दातांतून आलं.

"या भाऊजी. ऐकलं, तुम्ही गेलात म्हणून."

"ताईला भेटलात?"

"ताईंनी फोन केला. हसून हसून पुरेवाट." ती हसत नव्हती. "कुणाच्या जागी गेलात, तेही सांगितलं."

तो स्टुलावर बसला. इस्त्री तापत ठेवली होती, तिचा वास येत होता. त्यानं पाथरवटाचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. ओळ कोरी ठेवता येणार नाही, ठिगळ दिसेल, उद्या सकाळपर्यंत एक नाव द्यावं लागेल. नाहीतर आहे तेच राहील.

"म्हणजे त्यांचं घालायचं का, हे विचारायला आलात."

"हो."

"मग विचारा ना. इतकी वर्षं दुसरे विचारत आले, तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला वाटायचं, एक तरी माणूस आहे."

विचारायचं तोंडाशी आलं होतं. पण त्याला दिसलं, की तिनं हो म्हटलं तर ती नदीसाठी हो म्हणेल, आठ मैल शोधलेल्या पाण्यासाठी. तेव्हा त्यानं गिनती सांगितली. वाकडं-तिकडं नाही, अधिकाऱ्याला सांगतात तसं क्रमानं: धुकं, नऊ जण, नाडी, चार, पाच, सहा, सात. चौकशीतला प्रश्न आणि आपलं उत्तर. सांगताना तो तिच्या हातांकडे पाहत होता. हात थांबले नव्हते. टाचणी कापडात गेली, दुसरी गेली. मग ओठांतल्या उरलेल्या टाचण्या तिनं एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या.

"म्हणजे ते नदीत उतरलेच नाहीत."

"नाही."

रस्त्यावरून कुणीतरी दुकानात डोकावलं आणि निघून गेलं.

"कसं म्हणालात?"

"काय?"

"सात. त्यांच्या आवाजात म्हणालात ना? कसं म्हणालात ते म्हणून दाखवा."

"वहिनी…"

"म्हणा."

त्यानं गळा आवळला. इतक्या वर्षांत दुसऱ्या माणसासमोर हे करायची वेळ आली नव्हती, आणि त्याला वाटलं, येणार नाही. आला. खरखरीत, झोपेतून उठलेला, शेवटचा त गिळलेला. छोट्या दुकानात तो शब्द कापडांच्या गठ्ठ्यांवर पडला आणि संपला. वहिनीनं डोळे मिटले नाहीत. तिची मान किंचित डावीकडे वळली, दाराच्या बाजूला, हाक ऐकलेल्या माणसासारखी. तिच्या चेहऱ्यावर त्या घटकेला जे आलं ते त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. लग्नाच्या आठ महिन्यांतलं असावं. ते आपल्यासाठी नाही हे त्याला कळत होतं आणि तरी त्याला ते आणखी एकदा पाहायचं होतं. इतकं, की लाज वाटली.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज साधा आला, एका वयस्क माणसाचा.

"हा तुमचा."

"हो."

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. कापड घडी करून बाजूला ठेवलं. चपला घातल्या. "त्या माणसाची शेड ती कोपऱ्यावरची ना?"

"मी येतो."

"तुम्ही नका येऊ. इथं बसा. कुणी आलं तर सांगा, उद्या या."

"वहिनी, तुम्ही मला काहीतरी बोला."

ती उंबऱ्याशी थांबली. "काय बोलू भाऊजी? चौतीस वर्षांचं आज तीन वाजता सांगितलंत. मला जरा उशीर लागेल." आणि ती गेली.

तो बसून राहिला. दोन बायका आल्या, एक मुलीचा झगा न्यायला, एक माप द्यायला. त्यानं दोघींना उद्या या म्हणून सांगितलं. एकीनं हसून विचारलं, "मेजर, आता शिवणकामही तुमच्याकडे?" त्यानं हो म्हटलं. चार वाजून चाळीस मिनिटांनी त्याचा फोन वाजला. पाथरवट हलक्या आवाजात बोलत होता.

"बाई आल्यात इथं. पोतं त्यांनीच काढलं. दगडासमोर बसल्यात."

"काय म्हणाल्या?"

"मी विचारलं, नाव लिहून आणलंय का, मी पूड कालवतो. तर म्हणाल्या, आज हात लावू नका."

"नावाला?"

"दगडाला म्हणाल्या. मग मी एकदा विचारलं, मेजरचं नाव असंच ठेवायचं का. काही बोलल्या नाहीत. मेजर, माझं दगड कापायचं पाण्याचं मशीन बंद ठेवायला सांगितलंय, आवाज नको म्हणून. असं कसं चालायचं? मला दुसरीही कामं आहेत."

"आज थांबवा."

"सहाला मी शटर ओढतो. तेव्हा उठवू का त्यांना?"

"नको," मेजर म्हणाला, आणि मग, "तुम्ही घरी गेलात तरी चालेल. किल्ली त्यांच्याकडे द्या."

"बरं," पाथरवट म्हणाला, पण तो थांबून होता. "मेजर, तुमचं खरं नाव चांगलं आहे की. कुणी हाक का मारत नाही त्या नावानं?"

दुकानाच्या पायरीवरून रस्त्याच्या टोकाची शेड अर्धी दिसत होती. सहाला पाच मिनिटं असताना पाथरवट बाहेर आला, हात पुसले, दुकानाच्या दिशेनं एकदा पाहिलं आणि सायकलवर बसून गेला. ताईचा फोन आला, तो त्यानं घेतला नाही. सहा वाजून वीस मिनिटांनी शटर अर्ध्यावर आलेलं होतं, आत दिवा लागला होता, आणि शटरखालून जमिनीवर पडलेल्या उजेडात अजून कुणी हललेलं नव्हतं.